किल्ली कोणाची? गडाच्या दरवाजापासून रूट केलेल्या फोनपर्यंत

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की खराडी मागे पडते आणि वाघोली लागते. येथे वाघेश्वराचे जुने मंदिर आहे. पहिल्या बाजीरावांचे ज्येष्ठ सहकारी सरदार पिलाजी जाधवराव यांची समाधीही याच गावात आहे. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. त्याआधीच गावाभोवती अभियांत्रिकी महाविद्यालये, वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्यांची दाट वस्ती उभी राहिली होती. अठराव्या शतकातील सरदाराची समाधी आणि एकविसाव्या शतकातील विद्यार्थ्यांच्या खोल्या यांत चालत जाण्याइतकेच अंतर आहे.

त्या खोल्यांत दरवर्षी नव्याने येणाऱ्या मुलांमध्ये एक प्रश्न नेमाने निघतो : फोन रूट करावा की नाही? प्रश्न तांत्रिक वाटतो, उत्तरेही तांत्रिकच मिळतात. एक म्हणतो, करून टाक, फोन पळायला लागेल. दुसरा म्हणतो, नको, बँकेचे ॲप बंद पडेल. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. मात्र या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो ठाऊक नसेल, तर नेमकी महत्त्वाची गोष्ट नजरेतून सुटते. रूट मिळवावा की नाही, याच्याही आधी तो कोणत्या दरवाजाने मिळवला, हे पाहावे लागते.

सुरुवात गडापासून करणे सोयीचे. शिवकाळातील गडांच्या व्यवस्थेचे वर्णन सभासदाच्या बखरीत आढळते. गडावर एकच सर्वाधिकारी नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी बरोबरीच्या दर्जाने कारभार पाहत. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे असत, शिबंदीवर सरनोबताची नजर असे, हजेरी आणि हिशेब सबनीस ठेवी. धान्य आणि युद्धसाहित्याची कोठारे कारखानिसाकडे असत. यातील हेतू उघड आहे. एक माणूस फितला, घाबरला किंवा विकला गेला, तरी गड जाऊ नये. अधिकार वाटून दिल्याने कारभार थोडा संथ होतो हे मान्य करूनच ही व्यवस्था ठेवलेली होती.

संगणकाच्या जगात हाच विचार बऱ्याच उशिरा आला, आणि आला तोही अर्धवट. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली घडवली. एका मोठ्या यंत्रावर अनेकांनी काम करायचे, म्हणून प्रत्येकाला वेगळा क्रमांक आणि वेगळी कोठडी मिळाली. एकाने दुसऱ्याच्या धारिका उघडू नयेत, एवढी सोय झाली. या सगळ्यांवर मात्र शून्य क्रमांकाचा एक वापरकर्ता बसवला गेला. त्याला कोणतीही भिंत आडवी येत नाही. त्याचे नाव रूट, म्हणजे मूळ. गडाच्या भाषेत सांगायचे, तर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस हे चौघेही एकाच देहात.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स लिहायला घेतले. त्याने हीच रचना उचलली आणि लिनक्सच्या पायावर पुढे अँड्रॉइड उभे राहिले. अँड्रॉइडने येथे एक चतुर बदल केला. फोन वापरणारा माणूस बहुधा एकच असतो, म्हणून त्यांनी माणसांऐवजी ॲपना वेगवेगळे क्रमांक दिले. प्रत्येक ॲप आपापल्या कोठडीत राहते, शेजारच्याच्या वस्तूंना हात लावू शकत नाही. कॅमेरा हवा, संपर्कयादी हवी, तर परवानगी मागावी लागते. रूट हा वापरकर्ता फोनमध्ये असतोच, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट विक्रीच्या फोनमधून काढून टाकलेली असते. पूर्ण किंमत मोजून फोन घेणारा ग्राहक त्यामुळे आपल्याच गडावर पाहुण्यासारखा राहतो. त्याला सदरेवर बसता येते, तटावर फिरता येते. किल्ल्या मात्र कंपनीकडे.

अँड्रॉइडचा पहिला फोन अमेरिकेत २००८ च्या ऑक्टोबरमध्ये विक्रीस आला. एचटीसीने बनवलेल्या या फोनला खरा, बटणांचा कळफलक होता. काही आठवड्यांतच एक विलक्षण दोष उघडकीस आला. कळफलकावर जे जे टंकले जाई, ते पडद्यावरील ॲपबरोबरच पडद्यामागे रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या आज्ञापटलावरही पोहोचत होते. गप्पांच्या चौकटीत ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द टंकला, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. गूगलने लगोलग दुरुस्ती पाठवली. तेवढ्या अवधीत हौशी मंडळींनी याच फटीतून रूट मिळवला आणि पुढची दुरुस्ती फोनवर चढूच नये, याचीही तजवीज केली. अँड्रॉइडवरील रूटचा इतिहास असा एका चुकीतून सुरू होतो.

मराठी माणसाला या सगळ्याशी काय देणेघेणे होते? बरेच होते, आणि ते आज जवळजवळ विस्मरणात गेले आहे.

२०१० ते २०१२ या काळात ज्यांनी स्वस्त अँड्रॉइड फोन घेतला, त्यांना मराठी मजकुराच्या जागी चौकोनी डबे दिसत. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान होते. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी संगणकावर मोठे काम उभे केले होते. संगणकांवर मराठी वृत्तपत्रे, अनुदिन्या आणि संकेतस्थळे सुखाने वाचली जात होती. हातातील नव्या, महागड्या यंत्रावर मात्र ‘आई’ हा शब्दसुद्धा दोन रिकाम्या डब्यांचा होई. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये देवनागरीचा फाँटच नव्हता. काही कंपन्या आपल्या फोनमध्ये स्वतःहून सोय करीत, बऱ्याच करीत नसत.

फाँट तर विनामूल्य उपलब्ध होते. ‘लोहित’ या फाँटमालेची मूळ अक्षरे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेली. पुढे ती रेड हॅट या कंपनीकडे आली आणि तिच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांनी ती जोपासली. म्हणजे पुण्यात घडलेली, कोणालाही मोकळेपणाने वापरता येणारी अक्षरे पुण्यातच विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये घालता येत नव्हती. कारण फाँटची धारिका ज्या कप्प्यात ठेवायची, तो ‘सिस्टिम’ नावाचा कप्पा वाचण्यापुरताच खुला असे. त्यात लिहिण्याचा अधिकार फक्त रूटला.

मराठी आणि हिंदी वाचणाऱ्या अनेकांनी फोन रूट केले ते यासाठी. खेळात फुकटची नाणी मिळवणे किंवा मित्रांत मिरवणे हा त्यांचा हेतू नव्हता. कृती ठरलेली असे. रूट मिळवायचा, सिस्टिमचा कप्पा लिहिण्यासाठी खुला करायचा, परक्या लिप्यांसाठी ठेवलेली पर्यायी फाँटची धारिका बाजूला काढायची आणि तिच्या जागी त्याच नावाने देवनागरी असलेली धारिका ठेवायची. फोन पुन्हा सुरू झाला की डब्यांच्या जागी अक्षरे येत. ज्यांना एवढे धाडस नको होते, ते ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या आतल्या मांडणीत जाऊन एक पर्याय चालू करीत. मग मजकूर अक्षरांऐवजी चित्ररूपाने येई. पान जड होई, पण वाचता येई.

या गोष्टीचा पुढचा भाग अधिक बोधक आहे. फाँट घातल्यावरही मराठी नीट दिसत नसे. देवनागरीत उच्चाराने ‘क’ आधी आणि ऱ्हस्व इकार नंतर, पण लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते. जोडाक्षरे एकमेकांत मिसळावी लागतात. रफार अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. हे काम फाँट एकट्याने करत नाही. अक्षरांची मांडणी करणारा वेगळा यंत्रभाग लागतो, आणि तो त्या आवृत्त्यांमध्ये देवनागरीसाठी तयारच नव्हता. त्यामुळे रूट करूनही ‘किल्ला’ हा शब्द वेलांटी चुकलेला, पाय मोडलेला असा दिसे. वाचक सवयीने अर्थ लावी. किल्ली हाती आली तरी गडावर नसलेली वस्तू कोठारात सापडत नाही. ती कोणीतरी घडवावी लागते.

ती घडली. अँड्रॉइडच्या ४.० आणि त्यापुढील आवृत्त्यांमध्ये देवनागरीची मांडणी सुधारत गेली, आणि २०१४ च्या अखेरीस आलेल्या ५.० या आवृत्तीत मराठी ही फोनच्या मूळ भाषांपैकी एक झाली. त्या दिवसापासून मराठीसाठी रूट करण्याची गरज संपली. रूटच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे प्रामाणिकपणे मान्य करावे, की त्यांची सर्वांत बळकट बाजू त्याच वर्षी बरीचशी ढासळली. कंपन्यांची वकिली करणाऱ्यांनीही एक गोष्ट विसरू नये : त्याआधीची कित्येक वर्षे आपल्याच लिपीसाठी ग्राहकाला आपल्याच फोनचे कुलूप फोडावे लागत होते.

याच काळात रूटच्या चळवळीला रीतसर रूप येत होते. स्टीव्ह कोंडिक याने २००९ मध्ये सुरू केलेले सायनोजेनमॉड हे त्यातील सर्वांत गाजलेले नाव. कंपनीने दिलेली प्रणाली पुसून तिच्या जागी स्वयंसेवकांनी घडवलेली प्रणाली बसवायची, अशी ती योजना. २०१४ मध्ये तिचे व्यापारी भावंड थेट भारतीय बाजारात उतरले आणि एक चमत्कारिक भांडण झाले. वनप्लसचा पहिला फोन सायनोजेनच्या प्रणालीसह भारतात आला. मायक्रोमॅक्सने त्याच प्रणालीचे भारतापुरते एकाधिकार घेतले होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. डिसेंबरमध्ये वनप्लसच्या विक्रीवर तात्पुरती मनाई आली आणि थोड्याच दिवसांत ती स्थगितही झाली. मोकळेपणाच्या नावाने जन्मलेल्या वस्तूवर एकाधिकाराचा वाद व्हावा, ही विसंगती इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नवी वाटणार नाही. मायक्रोमॅक्सच्या ‘यू’ या शाखेने मात्र तेव्हा एक चांगला पायंडा पाडला. ग्राहकाने फोन रूट केला तरी वॉरंटी जाणार नाही, असे तिने जाहीर केले. सायनोजेनमॉड २०१६ च्या डिसेंबरमध्ये बंद झाले. त्याचेच काम आज लीनिएजओएस या नावाने चालू आहे.

आता दरवाजांकडे वळावे. रूटपर्यंत जाण्याचे मार्ग दोन, आणि त्यांतील भेद बहुतेक चर्चांत पुसला जातो.

पहिला मार्ग भगदाडाचा. प्रणालीत कोठेतरी चूक राहिलेली असते. तिचा लाभ घेणारा छोटा प्रोग्रॅम चालवला, की तो तट ओलांडून रूट मिळवून देतो. जून २०१४ मध्ये जॉर्ज हॉट्झ याने काढलेले टॉवेलरूट हे याचे नामांकित उदाहरण. लिनक्सच्या गाभ्यातील एका चुकीवर ते आधारलेले होते आणि एका बटणात अनेक फोन रूट करून देत असे. लोकांनी त्याचे स्वागत केले. पण ज्या भगदाडातून मालक आत येतो, त्यातूनच चोरही येतो. हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. २०११ च्या मार्चमध्ये गूगलच्या अधिकृत बाजारातील ५० हून अधिक ॲपमध्ये ‘ड्रॉइडड्रीम’ नावाचे विष सापडले. ते फोनमध्ये शिरून स्वतः रूट मिळवत होते, आणि त्यासाठी वापरत होते हौशी मंडळींनी आधीच प्रसिद्ध केलेली भगदाडे. २०१६ मध्ये ‘हमिंगबॅड’ उघडकीस आले. त्याने जगभरात सुमारे १ कोटी फोन ग्रासले होते, आणि बाधित फोनांच्या संख्येत चीनखालोखाल भारत होता. त्या फोनांचे बहुसंख्य मालक रूट हा शब्दही जाणत नसतील. त्यांच्या फोनच्या कंपन्यांनी दुरुस्त्या पाठवल्या नव्हत्या, एवढेच त्यांचे दुर्दैव.

‘एका क्लिकमध्ये रूट’ अशी जाहिरात करणाऱ्या ॲपकडे म्हणूनच संशयाने पाहावे. असे ॲप फोनमध्ये घेणे म्हणजे किल्लीही अनोळखी कारागिराकडून करून घेणे आणि तिची दुसरी प्रत त्याच्याकडे राहिली की नाही, हे कधीच न कळणे. या मार्गाने केलेल्या रूटचे समर्थन आज कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही.

दुसरा मार्ग दिंडीचा, म्हणजे कंपनीनेच ठेवलेल्या छोट्या दरवाजाचा. फोन सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. पुढे येणारी प्रणाली कंपनीच्या शिक्क्याची आहे की नाही, हे तो तपासतो. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या गूगलच्या नेक्सस वन या फोनात हे कुलूप मालकाला एका आज्ञेने उघडता येत असे. वॉरंटी जाईल, असा इशारा तेवढा पडद्यावर येई. २०११ मध्ये ग्राहकांच्या तक्रारींनंतर एचटीसीनेही अशी सोय दिली. या मार्गात एक अट असते, आणि तिच्यावर नवखे विद्यार्थी हटकून चिडतात. कुलूप उघडताक्षणी फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. छायाचित्रे, संदेश, टिपणे, सगळे. ही अट छळ म्हणून घातलेली नाही. चोरलेल्या फोनचे कुलूप कोणी असे उघडू पाहिले, तर त्याच्या हाती रिकामा गड लागावा, हा तिचा उद्देश. शत्रूच्या हाती पडण्याआधी दफ्तर जाळून टाकण्याची रीत ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागू नये.

दिंडीतून आत गेल्यावरही लगेच रूट मिळत नाही. लीनिएजओएससारखी प्रणाली बसवली, तरी ती मुळात रूटविना येते. पर्यायी प्रणाली आणि रूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवले तर अर्धे वाद मिटतील. ज्या जुन्या फोनला कंपनीने टाकून दिले, त्याला नव्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळवून द्यायच्या असतील, तर पर्यायी प्रणाली पुरते. रूट लागतो तो आणखी आत हात घालायचा असेल तेव्हा : कंपनीने लादलेली ॲप मुळापासून काढणे, संपूर्ण फोनची ॲपच्या माहितीसह प्रत घेऊन ठेवणे, जाहिरातींच्या पत्त्यांना प्रणालीच्या पातळीवर अडवणे. किंवा लिनक्स आतून कसे चालते, हे नुसते पाहणे. वाघोलीच्या वसतिगृहातील विद्यार्थ्याला हे शेवटचे कारण सर्वांत मोलाचे ठरावे. पुस्तकातील अधिकारव्यवस्थेची आकृती आणि आपल्या हातून बिघडून पुन्हा उभा राहिलेला फोन, यांत शिकवण्याची ताकद कशात अधिक, हे सांगायला नको.

जोखमीचे स्वरूप बदलले ते ११ एप्रिल २०१६ नंतर. त्या दिवशी यूपीआयची घोषणा झाली. त्याआधी रूट केलेला फोन बिघडला, तर फोन जाई. आज फोन हे पैशाचे पाकीट आहे, बँकेचे पासबुक आहे, आधारशी जोडलेली ओळख आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवर एकाच महिन्यात १००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. नगर रस्त्यावरील वडापावच्या गाडीपासून खोलीच्या भाड्यापर्यंत सारे याच मार्गाने जाते. रूट मिळालेले ॲप दुसऱ्या ॲपच्या कोठडीत शिरू शकते, पडद्यावरचे पाहू शकते, आलेला ओटीपी वाचू शकते. लग्नपत्रिकेच्या किंवा दंडाच्या पावतीच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके धारिकांनी रूट न केलेल्या फोनांतूनही लोकांचे पैसे नेले आहेत. तेथे निदान परवानगीचा एक दरवाजा मध्ये उभा असतो. रूट केलेल्या फोनवर एका चुकीच्या ‘हो’ने सगळे दरवाजे एकदम उघडतात. शिवकाळातील तीन अधिकाऱ्यांची व्यवस्था नेमकी याच प्रसंगासाठी होती.

रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी डिजिटल व्यवहारांच्या सुरक्षेचे निर्देश काढले आणि मोबाइल ॲपबाबत बँकांवर जबाबदाऱ्या टाकल्या. अनेक बँकांची ॲप रूट केलेल्या किंवा बूटलोडर उघडलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात. गूगलने फोनची शुद्धता तपासणारी आपली यंत्रणा त्यांना पुरवली आहे. त्यावर मात करणाऱ्या युक्त्याही निघाल्या. २०१६ मध्ये जॉन वू या तैवानी विद्यार्थ्याने मॅजिस्क हे साधन आणले. ते सिस्टिमच्या कप्प्याला हात न लावता रूट देई आणि बँकेच्या ॲपपासून तो लपवीतही असे. २०२१ मध्ये वू गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षा विभागात रुजू झाला आणि मॅजिस्कमधील लपवण्याची सोय त्याने काढून टाकली. तटाला भगदाड पाडणाऱ्या कारागिरालाच तटबंदीच्या कामावर ठेवून घेणे, हा प्रकारही इतिहासात नवा नाही. लपवण्याच्या इतर युक्त्या आजही फिरत असतात. एखादी चालते, पुढच्या महिन्यात बंद पडते. भाडे भरायच्या दिवशी ती बंद पडली, की फोनच्या मालकाला तिची खरी किंमत कळते.

बँकांची भूमिका समजण्याजोगी आहे, पण ती पूर्णपणे न्याय्य नाही. पाच-सहा वर्षांपूर्वीचा, कित्येक वर्षांत एकही सुरक्षा-दुरुस्ती न मिळालेला, तरीही कंपनीचा शिक्का शाबूत असलेला फोन बहुतेक तपासण्यांत उत्तीर्ण होतो. त्याच प्रकारच्या फोनवर जाणत्या मालकाने गेल्या महिन्याच्या दुरुस्त्यांसह लीनिएजओएस बसवले, रूट घेतलाच नाही, तरी बूटलोडर उघडा म्हणून तो फोन नापास. या तपासणीत शिक्का पाहिला जातो, तटाची मजबुती पाहिली जात नाही. सुरक्षेच्या नावाखाली मालकी हाच दोष ठरू लागला, तर ते सुरक्षेचे काम राहत नाही.

कायद्याच्या अंगाने पाहता, स्वतःच्या मालकीचा फोन रूट करणे हा भारतात स्वतंत्र गुन्हा म्हणून सांगितलेला नाही. अमेरिकेत या प्रश्नावर स्वामित्वहक्काच्या कायद्यात सूट मागावी लागली आणि २६ जुलै २०१० रोजी ती फोनसाठी मिळाली. भारत सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिने विचारात घेतलेल्या वस्तूंत मोबाइलही आहे. या चर्चेत पडदा, बॅटरी आणि सुट्या भागांचा विषय येतो, बूटलोडरचा क्वचितच. खरे तर कंपनीने सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या, की त्याच दिवशी तिने मालकाला कुलूप उघडून द्यावे, अशी अट घालणे अवघड नाही. ज्या गडाची शिबंदी कंपनीने काढून घेतली, त्याच्या किल्ल्या स्वतःजवळ ठेवण्याचा तिला नैतिक अधिकार उरत नाही.

मालकाचा हक्क मान्य केला, म्हणून प्रत्येकाने उद्याच फोन रूट करावा असे होत नाही. ज्या फोनवर बँक, यूपीआय आणि घरच्यांचे संदेश आहेत, तो रूट करू नये. येथे ‘पण’ आणि ‘परंतु’ला जागा नाही. पहिला नोकरीचा पगार त्याच फोनवर जमा होणार असेल, तर मुळीच नाही. प्रयोगासाठी कपाटात पडलेला जुना फोन घ्यावा. त्यातील सिम काढावे, त्यावरून मुख्य गूगल खाते, बँक आणि आधारशी संबंधित सर्व काही काढून टाकावे आणि मग त्याच्याशी हवे ते करावे. फोन कायमचा निकामी होण्याची शक्यता असते. चुकीच्या प्रकाराची धारिका चढवली किंवा मधेच वीज गेली, तर फोनची वीट होते. ही वीट कपाटातल्या फोनची झाली, तर पाचशे रुपयांचेही दुःख होत नाही. तीच दरमहा हप्ता चालू असलेल्या फोनची झाली, तर घरी सांगणे कठीण जाते.

काही नुकसान परत भरून येत नाही, हेही आधीच जाणून असावे. सॅमसंगच्या अनेक फोनांत २०१३ पासून नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेची एक सूक्ष्म तार असते. अनधिकृत प्रणाली चढताच ती जळते. पुढे कंपनीची मूळ प्रणाली परत बसवली, तरी ती जुळत नाही आणि सुरक्षित फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर कायमच्या बंद होतात. इतर अनेक फोनांत बूटलोडर उघडल्यावर चित्रपट दाखवणाऱ्या ॲपमध्ये चित्राची प्रत उतरते.

नवा फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारले जातात, बॅटरीचे आकडे विचारले जातात. बूटलोडर उघडता येतो का आणि सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हे दोन प्रश्न वाघोलीतल्या मोबाइलच्या दुकानात फारसे कोणी विचारत नाही. गूगलने पिक्सेल ८ साठी ऑक्टोबर २०२३ मध्ये सात वर्षांच्या अद्ययावततेचे वचन दिले आणि त्याचा बूटलोडरही मालकाला उघडता येतो. दुसरीकडे काही कंपन्या कुलूप उघडण्यासाठी अर्ज, नोंदणी आणि कित्येक दिवसांची प्रतीक्षा लावतात, तर काही ते कधीच उघडू देत नाहीत. पेटीवर यातले काहीच छापलेले नसते. पैसे देण्याआधी फोनच्या नावासह लीनिएजओएसच्या यादीत एकदा शोधून पाहिले, तर पाच मिनिटांत उत्तर मिळते.